घरच्या घरी आयरिश कस्टर्ड टार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पदार्थाबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पहिल्यांदाच करणार असाल तर प्रश्न ३ ते १० सलग वाचा आणि मगच परातीत मैदा काढा.

१. आयरिश कस्टर्ड टार्ट म्हणजे नेमकं काय?

मैदा आणि बटरच्या खुसखुशीत पारीत दूध, क्रीम, अंडी आणि साखर यांचं पातळ मिश्रण ओतायचं, वर भरपूर जायफळ किसायचं आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर ते जमवायचं. कस्टर्ड आधी शिजवून पारीत भरत नाहीत, ते पारीतच शिजतं. कापल्यावर फोड ताठ उभी राहते, पण चमचा लावला की मऊ खरवसासारखी तुटते. टार्ट खोल असतो, निदान तीन सेंटिमीटर, आणि गार किंवा खोलीच्या तापमानाला खातात. त्यावर आयसिंग नाही, फळं नाहीत, जेली नाही.

२. पण हा तर इंग्लंडचा पदार्थ ना? यात आयरिश काय?

कस्टर्ड टार्ट ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय आणि त्यावर एकट्या आयर्लंडचा हक्क सांगणं बरोबर नाही. ‘कस्टर्ड’ हा शब्दच मुळात ‘क्रस्ट’वरून, म्हणजे पारीवरून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पारीत भरलेल्या पदार्थाला ‘क्रस्टेड’ म्हणत, त्याचं पुढे कस्टर्ड झालं.

आयरिश म्हणावं असं जे आहे ते दुधात आणि लोण्यात आहे. जुन्या आयर्लंडमध्ये दूध, ताक, लोणी, दही, चीज यांना मिळून ‘बानविआ’ म्हणजे ‘पांढरं अन्न’ असं नाव होतं आणि उन्हाळ्यात लोकांचं पोट मुख्यतः त्यावर भरायचं. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकसुद्धा तिथे आवडीने खात, हे खरवस खाणाऱ्यांना लगेच कळेल. शेतकरी घरांत कोंबड्या आणि लोणी बायकांच्या ताब्यात असायचं आणि अंडी विकून आलेले पैसेही त्यांचेच असायचे. असा टार्ट अशाच घरात होतो, जिथे अंडी, दूध, लोणी विकत आणावं लागत नाही आणि बाहेरून आणायचं ते फक्त मैदा, साखर आणि जायफळ.

एक गोंधळ मात्र टाळा. आयर्लंडमध्ये नुसतं ‘टार्ट’ म्हटलं तर बहुतेक वेळा ॲपल टार्ट समजतात, आणि त्यावर पारीचं झाकण असतं. तो एनॅमलच्या ताटलीत भाजतात. कस्टर्ड टार्टला झाकण नसतं आणि तसली ताटली त्याला फार उथळ पडते.

३. अचूक प्रमाण द्या.

२१ सेंमी व्यासाच्या, ३.५ सेंमी खोल, तळ सुटा होणाऱ्या एका टिनसाठी:

पारी: मैदा १८० ग्रॅम, गार बटर ९० ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, एक पिवळा बलक, बर्फाचं पाणी २ ते ३ मोठे चमचे, बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ.

सारण: दूध ३५० मिली, जाड क्रीम १५० मिली, ३ अख्खी अंडी आणि २ पिवळे बलक, साखर ७० ग्रॅम, पाव जायफळ.

सारण सगळं मिळून सव्वासातशे मिलीच्या आसपास भरतं. टिन लहान असेल तर उरलेलं वाटीत ओतून त्याच ओव्हनमध्ये वाफवा, पारी काठोकाठ भरू नका. क्रीम आणि अंड्यांबद्दल भारतात थोडा बदल लागतो, त्यासाठी पुढचे दोन प्रश्न पाहा.

४. तीन अंडी घातली तरी कस्टर्ड जमलंच नाही. असं का?

अंडी लहान होती. आयर्लंडमध्ये मोठं अंडं म्हणजे कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅम. आपल्याकडचं नेहमीचं अंडं ५० ग्रॅमच्या आसपास असतं, आतला माल जेमतेम ४४ ग्रॅम. तिथली तीन अंडी म्हणजे आपली जवळपास चार.

संख्येवर जाऊ नका, वजन करा. अख्खी अंडी आणि बलक मिळून १९० ग्रॅम भरले पाहिजेत. आपल्या अंड्यांत हे ४ अख्खी आणि १ बलक असं बसतं. १६० ग्रॅमच्या खाली गेलात तर फोड उभी राहणार नाही. २२० च्या वर गेलात तर कस्टर्ड रबरासारखं होतं आणि अंड्याचा वास पुढे येतो.

५. जाड क्रीम मिळत नाही. टेट्रापॅकचं चालेल का? घरची साय?

टेट्रापॅकचं चालतं, फक्त दुधाचं गणित बदला. आयर्लंडच्या क्रीममध्ये साधारण ३५ ते ४० टक्के स्निग्धांश असतो, आपल्या टेट्रापॅकमध्ये २५ टक्के. त्याची भरपाई दुधात करता येते: ६ टक्क्यांचं फुल क्रीम दूध ३०० मिली आणि टेट्रापॅक क्रीम २०० मिली घ्या. एकूण स्निग्धांश जवळपास मूळ प्रमाणाइतकाच येतो.

घरची साय वापरायची तर ताजी, न विरजलेली घ्या. कोमट दुधात चमच्याने मोडून गाळणीवर घासून घ्या. मिक्सरला लावू नका, क्षणात लोणी निघतं. दूध आटवून क्रीम टाळता येतं, पण मग चव बासुंदीकडे झुकते. बासुंदी उत्तम पदार्थ आहे, हा टार्ट मात्र ताज्या दुधाच्या चवीवर उभा आहे, म्हणून आटवू नये असं आम्ही सांगतो.

६. मैदा आणि बटर कोणतं?

आपला साधा मैदा चालतो. ब्रेडसाठीचा जास्त प्रथिनांचा मैदा नको, पारी चिवट होते. सेल्फ रेझिंग अजिबात नको, त्यात बेकिंग पावडर असते आणि पारी फुगून सारणाची जागा खाते. डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेला राहणाऱ्या मराठी मंडळींनी दुकानात ‘क्रीम फ्लार’ असं लिहिलेली पिशवी घ्यावी. नावात क्रीम असलं तरी ते निव्वळ गव्हाचं मऊ पीठ आहे.

आयरिश घरांत रोजचं बटर खारटच असतं. त्यामुळे आपलं नेहमीचं पिवळं खारट बटर बिनधास्त वापरा आणि वरून मीठ घालू नका. घरचं पांढरं लोणी नको, त्यात ताकाचं पाणी राहिलेलं असतं आणि किती ते सांगता येत नाही. तूप तर नकोच: तुपाची पारी शंकरपाळीसारखी लागते आणि सारण भरल्यावर भुगा होते.

७. पारीचं पीठ कसं मळायचं?

मळायचंच नाही. करंजीला मोहन चोळतो तसं बोटांच्या टोकांनी गार बटरचे तुकडे मैद्यात चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. मिश्रण रवाळ दिसलं आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की थांबा. पिठीसाखर मिसळा. बलक आणि दोन चमचे बर्फाचं पाणी एकत्र करून शिंपडा, सुरीने ढवळा, मग हाताने गोळा जेमतेम एकत्र करा. भेगा दिसल्या तरी हरकत नाही. कोरडं पीठ परातीत उरलं तरच तिसरा चमचा पाणी.

गोळा चपटा करा, झाका आणि फ्रिजमध्ये निदान ४५ मिनिटं ठेवा. या वेळात दोन गोष्टी होतात: पाणी पिठात सगळीकडे मुरतं आणि मैद्यातलं ताणलेलं चिवट प्रथिन, म्हणजे ग्लूटेन, सैल पडतं. ही विश्रांती वाचवली की पारी आखडते, ते प्रश्न १२ मध्ये.

लाटताना जाडी ३ ते ४ मिलीमीटर ठेवा. लाटण्यावर गुंडाळून टिनवर उलगडा, कोपऱ्यात अलगद बसवा, ओढू नका. कडेने सेंटिमीटरभर जादा पारी बाहेर लोंबू द्या, ती भाजून झाल्यावर कापायची. आता टिनसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये.

८. आमच्याकडे स्वयंपाकघरात ३५ अंश असतं. बटर लगेच विरघळतं. काय करू?

आयर्लंडच्या स्वयंपाकघरात १५-१८ अंश असतात, तिथल्या कृती तेवढं गृहीत धरतात. उन्हाळ्यात बटरचे बारीक चौकोनी तुकडे करून २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, मैदा आणि स्टीलची परातसुद्धा फ्रिजमध्ये ठेवा. बोटांऐवजी मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थांबत थांबत सात-आठ वेळा फिरवलं तरी चालतं. पोळपाटावर थेट न लाटता दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटा. पारी ओलसर चमकायला लागली की हट्ट न धरता कागदासकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये सरकवा. विरघळलेलं बटर मैद्यात शोषलं गेलं तर पारी कडक होते, खुसखुशीत होत नाही. सकाळी सहाला पारी करून ठेवणं हा आणखी सोपा उपाय.

९. पारी आधी रिकामी का भाजायची? एकदमच भाजलं तर?

कारण दोघांना लागणारी आच वेगळी आहे. पारी १९० अंशांत खरपूस होते. कस्टर्ड ८० अंशांच्या आसपास जमतं आणि ८५ च्या पुढे गेलं की फाटायला लागतं. एकत्र भाजलं तर एकाचं नुकसान होणारच: पारी कच्ची तरी राहील किंवा कस्टर्ड फाटेल तरी. या टार्टमधल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच सापडतं.

ओव्हन १९० अंशांवर तापवा. गार पारीवर चुरगाळून मऊ केलेला बटर पेपर अंथरा आणि त्यावर काठापर्यंत कोरडे तांदूळ किंवा चणे भरा. थोडेसे टाकून उपयोग नाही, काठाला आधार मिळाला पाहिजे. २० मिनिटांनी कागद आणि तांदूळ काढा, आणखी ८ ते १० मिनिटं भाजा. तळ मारी बिस्किटाच्या रंगाचा झाला पाहिजे. पांढुरका दिसला तर अजून कच्चा आहे, पुढे तो काही भाजला जाणार नाही. मग अंड्याचा थोडा पांढरा आतून ब्रशने लावा आणि दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये. हा पातळ थर पारीची बारीक छिद्रं बुजवतो.

तेच तांदूळ गार करून बरणीत ठेवा, पुन्हा याच कामाला येतात. भाताला मात्र ते वापरू नका.

१०. सारण कसं करायचं आणि किती वेळ भाजायचं?

ओव्हन १५० अंशांवर आणा. ओव्हनमधला पंखा चालू राहणार असेल तर १४०. अंडी, बलक आणि साखर एकत्र करून चमच्याने किंवा काट्याने ढवळा, फेटू नका. फेस आला की तो वर तरंगतो आणि भाजल्यावर पृष्ठभागावर फोडांचे व्रण राहतात.

दूध आणि क्रीम एकत्र गरम करा, बोट जेमतेम टिकेल इतकंच, साधारण ६० अंश. उकळी नको. अंड्यांत आधी थोडं ओता, ढवळा, मग बाकीचं. बारीक गाळणीतून चोचीच्या भांड्यात गाळून घ्या, म्हणजे अंड्यातले पांढरे धागे राहत नाहीत. पाच मिनिटं ठेवा, वरचा फेस चमच्याने काढा.

भाजलेली पारी ओव्हनच्या जाळीवर ठेवा, जाळी अर्धी बाहेर ओढा आणि सारण तिथेच ओता. काठाखाली अर्धा सेंमी जागा सोडा. भरलेला टिन हातात घेऊन चालत जायची वेळ येऊ देऊ नका. मग जायफळ थेट वर किसा. आधी मिसळलं तर ते तळाला बसतं. ४० ते ५० मिनिटं लागतात. पस्तिसाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.

११. झालं हे कसं ओळखायचं? सुरी खुपसून बघू का?

सुरी स्वच्छ बाहेर आली म्हणजे उशीर झाला, केकचा नियम इथे लागू नाही. टिनला हलकेच धक्का द्या आणि वरून बघा. कच्चं कस्टर्ड पाण्यासारखं हलतं, मधून निघालेली लाट काठापर्यंत जाते. झालेल्या कस्टर्डचा काठाकडचा दोन बोटांचा पट्टा स्थिर असतो आणि मधला लिंबाएवढा भाग घट्ट दह्यासारखा थरथरतो. थरथर आहे, लाट नाही, तिथे ओव्हन बंद करायचा.

थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७६-७७ अंश दिसले की काढा. आतली उष्णता पुढची दहा मिनिटं काम करत राहते आणि तापमान आपोआप ८० च्या जवळ जातं. ओव्हन बंद करून दार चमचाभर फटीने उघडं ठेवा, टार्ट १५ मिनिटं आतच राहू द्या. मग बाहेर, जाळीवर. निदान दोन तास कापू नका.

१२. पारी भाजताना काठ खाली घसरतात आणि आखडतात.

तीन कारणं: पीठ जास्त हाताळलं, विश्रांती दिली नाही, किंवा टिनमध्ये बसवताना ओढून ताणलं. ताणलेली पारी ओव्हनमध्ये मूळ जागी परत येते. जादा पारी बाहेर लोंबू देऊन भाजल्यावर दातेरी सुरीने कापलीत तर थोडंफार आखडणं झाकलं जातं.

१३. तळ ओला आणि पिठूळ राहतो.

बहुतेक वेळा रिकामी पारी पुरेशी भाजलेली नसते, प्रश्न ९ मधला मारी बिस्किटाचा रंग परत वाचा. दुसरं कारण गार सारण. फ्रिजमधलं सारण जमायला तासभर घेतं आणि तेवढा वेळ तळ भिजत राहतो. कोमट सारण गरम पारीत ओतलं की तळाशी लगेच पातळ थर जमतो आणि तोच पुढच्या ओलीला अडवतो. ओव्हन तापताना त्यात जाड ट्रे ठेवा आणि टिन त्या तापल्या ट्रेवर ठेवा, खालून उष्णता मिळते.

आणि भाजून झाल्यावर टार्ट ओट्यावर सपाट ठेवू नका. खालची वाफ कोंडते आणि कुरकुरीत तळ अर्ध्या तासात मऊ पडतो.

१४. सारण पारीतून गळतं, टिनला चिकटतं आणि जळतं.

रिकामी पारी भाजून झाली की उजेडाकडे धरून भेगा शोधा. याचसाठी कच्च्या पिठाचा सुपारीएवढा गोळा बाजूला ठेवायचा असतो. तो पांढऱ्यात बुडवून भेगेत बोटाने दाबून लिंपा आणि तीन मिनिटं भाजा. भेग काठाला असेल तर सारण तिच्या खालपर्यंतच भरा. काट्याने तळाला टोचे मारत असाल तर ते बंद करा. तांदळाचं वजन असताना त्यांची गरज नाही आणि पातळ कस्टर्ड त्यातूनच खाली उतरतं.

१५. वर तडे गेले, कापल्यावर जाळी दिसली, आणि बशीत पाणी सुटलं. तीन वेगवेगळ्या चुका आहेत का?

चूक एकच आहे, जास्त आच. अंड्यातली प्रथिनं गरम झाली की उलगडतात, एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात आणि त्या जाळ्यात दूध धरून ठेवतात. आच वाढली की जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं, तेच बशीत दिसतं. आतलं पाणी उकळायला लागलं की वाफेची भोकं पडतात, ती जाळी. आवळलेलं कस्टर्ड काठाकडे ओढलं जातं आणि मध्ये फाटतं, तो तडा. खरवस भसाभसा वाफेवर ठेवला की सच्छिद्र होतो, तसाच प्रकार.

तडा एकटाच असेल आणि पाणी नसेल तर टार्ट फार वेगाने गार झाला असेल. गरम टार्ट पंख्याखाली ठेवू नका, फ्रिजमध्ये तर नाहीच. चवीत फरक पडत नाही, वर अजून थोडं जायफळ किसा.

१६. अंड्याचा वास येतो. व्हॅनिला घालू का?

वास मुख्यतः पांढऱ्यातून येतो, त्यात गंधक असलेली प्रथिनं असतात आणि जास्त तापली की ती वास सोडतात. तेव्हा आधी आच तपासा. मग ताजी अंडी घ्या. त्यानंतरही जाणवत असेल तर एक अख्खं अंडं कमी करून दोन बलक वाढवा, कस्टर्ड किंचित मऊ होईल पण वास जाईल. दूध गरम करताना लिंबाच्या सालीची एक पट्टी टाकून काढून घेतली तर चालते, पांढरा भाग नको. व्हॅनिला घालण्यात काही गुन्हा नाही, पण मग जायफळ मागे पडतं. टार्ट पूर्ण गार झाल्यावर खा, गरम असताना वास सगळ्यात जास्त येतो.

१७. फोटोत पिवळाधमक दिसतो, माझा पांढरट का?

आयरिश गाई वर्षातले बरेच महिने कुरणात चरतात. गवतातलं कॅरोटीन दुधात आणि लोण्यात उतरतं, म्हणून तिथलं लोणी पिवळं. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसतं, ते पांढरंच असतं. त्यात फिकट बलकांची अंडी असतील तर कस्टर्ड हस्तिदंती होतं. गाईचं दूध आणि गर्द बलकांची, शक्य तर गावठी अंडी घ्या. हळद किंवा खायचा रंग घालू नका, जिभेला हळद लगेच कळते.

१८. जायफळाऐवजी वेलची, केशर चालेल?

चालेल, पदार्थ मात्र दुसरा होईल. या टार्टमध्ये मसाला एकच असतो आणि त्याच्या जोरावरच चव उभी असते. श्रीखंडाला किंवा पुरणाला जायफळ घालणाऱ्या घरात त्याची ओळख करून द्यायला नको, फक्त इथे ते पुरणापेक्षा जास्त लागतं: पृष्ठभाग तपकिरी ठिपक्यांनी भरून जाईल इतकं. डबीतली पूड वापरू नका. कोकणात जायफळ पिकतं, अख्खं आणा आणि ऐन वेळी बारीक किसणीवर किसा.

१९. माझ्याकडे ओटीजी / कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह / फक्त कुकर आहे.

ओटीजीत छान होतो. पारीसाठी दोन्ही कॉइल चालू ठेवा. कस्टर्डच्या वेळी टिन खालच्या जाळीवर ठेवा आणि वरचा भाग लाल व्हायला लागला तर वर फॉइल सैल अंथरा. ओटीजीच्या बटणावर विसंबू नका, वीस अंशांचा फरक अगदी सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा, तापमान दहा अंश कमी. मायक्रोवेव्ह मोडमध्ये कस्टर्ड कडेला उकळतं आणि मध्ये कच्चं राहतं. कुकरमध्ये पारी भाजली जात नाही, फक्त सारण वाटीत वाफवता येतं. तो गोड पदार्थ म्हणून छान लागतो, त्याला टार्ट म्हणता येणार नाही.

२०. गोव्यात मिळणारा पोर्तुगीज पेस्टल दे नाटा आणि हा एकच का?

नातं आहे, पण दोघांची रीत उलटी आहे. पेस्टल दे नाटाची पारी अनेक पदरी, खाऱ्या बिस्किटासारखी फुटणारी. कस्टर्ड साखरेच्या पाकावर आणि थोड्या पिठावर घट्ट केलेलं, आणि भट्टी २५० अंशांच्या वर, म्हणजे वर काळे डाग पडतील अशी. पिठातला स्टार्च आणि जास्तीची साखर कस्टर्डला त्या आचेत फाटू देत नाहीत. आयरिश टार्टमध्ये पीठ नाही, म्हणून त्याला मंदच आच लागते. एकाचं सारण दुसऱ्याच्या तापमानाला भाजलं की दोन्ही बिघडतात.

२१. आम्ही अंडी खात नाही. काही मार्ग?

भाजलेला कस्टर्ड टार्ट अंड्याशिवाय होत नाही, जमवण्याचं काम अंडंच करतं. पण कस्टर्ड पावडरचा टार्ट नक्की होतो. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी बनवली तीच मुळी बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून, आणि आयरिश घरांत रूबार्ब (आंबट देठांची एक भाजी) टार्टवर ओतायला तेच पिवळं कस्टर्ड आजही असतं.

पारीत बलकाऐवजी चमचाभर गार दूध घाला. पारी पूर्ण भाजा, एकूण ३५ मिनिटं, पांढरा लावायची पायरी वगळा. दूध ५०० मिली, क्रीम १०० मिली, साखर ६० ग्रॅम, कस्टर्ड पावडर ४५ ग्रॅम. पावडर थोड्या गार दुधात कालवा, बाकीचं उकळतं ठेवून त्यात ओता आणि ढवळत पूर्ण दोन मिनिटं खदखदू द्या. इथे उकळी हवीच, नाहीतर स्टार्च कच्चा लागतो आणि नंतर पातळ होतो. गार पारीत ओता, जायफळ किसा, तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. हा ओव्हनमध्ये परत जात नाही.

आयरिश किनाऱ्यावर ‘कॅरागीन’ नावाच्या समुद्री शेवाळाने दूध जमवायचीही जुनी रीत आहे. ती पुडिंगसाठी चांगली. पारीत ती ओलसर राहते.

२२. साखर कमी करू का? गूळ घालू का?

५० ग्रॅमपर्यंत खाली या, हरकत नाही. साखर कमी झाली की कस्टर्ड थोडं लवकर जमतं, म्हणून पाच मिनिटं आधी तपासा. गूळ नको: गरम दुधात तो दूध नासवू शकतो, आणि नासलेल्या दुधाचं कस्टर्ड गाळूनही सुधारत नाही.

२३. एकाच मोठ्या टार्टऐवजी छोटे करायचे असतील तर?

मफिन ट्रेमध्ये बारा होतात. पारीचं पीठ दीडपट करा, सारण तेवढंच पुरतं. पारी कागदी कप आणि तांदूळ घालून १९० वर १५ मिनिटं भाजा, मग सारण भरून १६० वर २० ते २५ मिनिटं. लहान टार्टमध्ये थरथरणारा भाग रुपयाच्या नाण्याएवढाच उरतो.

२४. किती दिवस टिकतो? आदल्या दिवशी करून ठेवला तर?

त्याच दिवशी सगळ्यात चांगला. आपल्या हवेत पूर्ण गार झाल्यावर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, पण तळ मऊ पडत जातो. पाहुणे येणार असतील तर रिकामी पारी आदल्या दिवशी भाजून घट्ट डब्यात ठेवा आणि सारण त्या दिवशी. ठेवणीतली पारी पाच मिनिटं ओव्हनमध्ये गरम करून मगच भरा, कारण प्रश्न १३ मध्ये आहे. फ्रीझ करू नका, बर्फाचे कण कस्टर्डचं जाळं तोडतात आणि वितळल्यावर पाणी वेगळं होतं. पुन्हा गरमही करू नका.

२५. कापल्यावर कळलं की मध्ये कच्चं आहे. आता?

आधी खात्री करा की टार्ट खरोखर गार झालाय. कोमट टार्ट कापला तर बरोबर झालेलं कस्टर्डसुद्धा वाहतं. तसं असेल तर कापलेल्या कडेला फॉइल दाबून लावा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग बघा.

गार होऊनही पातळ असेल आणि फोड निघालेली असेल तर तो टार्ट परत भाजता येत नाही, उघड्या बाजूने सारण बाहेर येतं. पातळ भाग चमच्याने काढून पातेल्यात घ्या, मंद आचेवर ढवळत चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका दाट करा आणि उरलेल्या टार्टवर सॉससारखा वाढा. न कापता संशय आला तर मात्र उशीर झालेला नाही: टार्ट बाहेर काढून पाऊण तासाच्या आत असेल तर १४० अंशांवर १० ते १५ मिनिटं परत ठेवा आणि प्रश्न ११ मधली थरथर पुन्हा तपासा.